चारबर्डी आणि मॉलवाले

चाराच्या गुठल्या फोडायला बसलं की हात अडकतात आणि तोंड मोकळं राहतं. जात्यात गुठली टाकायची, हलक्या हातानं पाळू फिरवायची, टरफल वेगळं, चारोळी वेगळी. टरफलं संध्याकाळी चुलीत जातात. गोष्टी कुठे टाकायच्या? त्या साचतच राहतात. आमच्या मागच्या पडवीत इतक्या साचल्या की नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहून घेते. नाहीतर बसायला जागा राहणार नाही."

तर सांगते.

आमचं गाव दरेकसाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. रेल्वेची शिट्टी ऐकू येते, गाडी दिसत नाही. गावामागच्या टेकडीला चारबर्डी म्हणतात, कारण तिच्यावर चाराचीच झाडं. चार म्हणजे ज्याच्या गुठलीतून चारोळी निघते ते फळ. पिकलं की काळं-जांभळं होतं, तोंडात टाकलं की गोड. आमच्याकडे धानाचा पैसा पुरुष आणतो आणि पुरुषच ठेवतो. चाराचा पैसा बाईच्या पदरात पडतो. पोरीची पाटी, सुनेचं बाळंतपण, स्वतःच्या गुडघ्याची दवा, सगळं त्यातून. म्हणजे चारबर्डी ही आम्हा बायांची शेती, फक्त सातबारा आमच्या नावावर नाही इतकंच.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्याच्या मागोमाग चारोळीचा भाव चढला. भाव चढला तशी घाई आली. आपण पिकायची वाट पाहावी तर दुसरी येऊन तोडून नेईल, म्हणून कच्चाच तोडायचा. फळ-फळ वेचायला वेळ कुठला? मग फांदीच खाली पाडायची आणि सावलीत बसून ओरबाडायची. दुसऱ्या वर्षी त्या फांदीच्या जागी काय लागणार? खुंट! बर्डी वरून बोडकी दिसायला लागली. सगळ्यांना दिसत होतं. आणि सगळे कुऱ्हाडी घेऊन जातही होते.

त्याच सुमाराला शहरात मोठमोठी दुकानं असलेली एक कंपनी आमच्या बचत गटाची चारोळी घ्यायला लागली. आम्ही त्यांना मॉलवाले म्हणायचो. त्यांच्या मनात आलं, आपल्या दुकानातल्या मालापायी जंगल तुटायला नको.

मनात यायला काय जातं!

* * *

कंपनीनं पुण्याची एक पोरगी पाठवली. तन्वी मॅडम. उन्हात फिरून फिरून नाक लाल झालेलं, पण स्वभावाची गोड. कोणाच्याही घरचं पाणी पिऊन घ्यायची, तोंड वाकडं न करता.

गटाची अध्यक्ष माझी मोठी जाऊ, ढेलनबाई. अध्यक्ष कशी झाली? पहिल्याच बैठकीत सगळ्या खाली मान घालून बसल्या होत्या आणि ती एकटी बोलत होती. तशी झाली.

मॅडमनं समजावून सांगितलं की शहरातलं गिऱ्हाईक आता हुशार झालं आहे, माल कुठून येतो ते विचारतं, झाड तोडून आलेली चारोळी त्याला नको असते.

ढेलनबाईनं विचारलं, "गिऱ्हाइकाले चारोळी पायजे का झाड पायजे?"

"दोन्ही पाहिजे, मावशी."

"स्वस्तात?"

"हो, स्वस्तात."

"मंग आमच्यासारखंच हाय ते. उगीच भेत होतो आमी."

* * *

पुढच्या खेपेला मॅडमनं शपथ आणली. तिनं एक ओळ म्हणायची, आम्ही मागून म्हणायची. आम्ही कच्चा चार तोडणार नाही. फांदी तोडणार नाही. सगळ्या बाया हात पुढे करून उभ्या, जशा पोरी शाळेत असतात.

मध्येच ढेलनबाईनं हात खाली घेतला. म्हणाली, "अन् अस्वल?"

मॅडमला वाटलं कुठे आलंच. ती मागे पाहायला लागली. ढेलनबाईनं समजावलं की अस्वलालाही चार भलता आवडतो, झाडावर चढतं आणि फांद्या मोडून खातं. "त्याचीबी शपथ घ्या. आमच्यापेक्षा ते गंज जास्त खाते."

हसत हसत शपथ पुरी झाली. फोटो निघाला. चहा झाला.

पण शपथ घेऊन घरी येताना सगळ्या बाया कशा झपझप चालल्या होत्या म्हणता! एरवी रमतगमत येणाऱ्या. कारण प्रत्येकीच्या मनात एकच. दुसरी शपथ मोडायच्या आत आपण बर्डीवर पोचलेलं बरं.

* * *

शपथेनं भागलं नाही, तेव्हा कंपनीनं झाडं मोजायची ठरवली. रंगारी आणला. त्यानं चारबर्डीवरच्या एकेका चाराच्या झाडाला पांढरा पट्टा मारला आणि त्यावर लाल रंगानं नंबर घातला. मॅडम खूश. म्हणाली, आता प्रत्येक झाडाची ओळख झाली, आता ते सुरक्षित.

तिला काय माहीत! आमच्या जंगलात झाडाला पट्टा आणि नंबर कधी पडतो? कटाई निघाली की! जे झाड तोडायचं त्यालाच रंग लागतो. लहानपणापासून आम्ही तेच पाहत आलो. नंबर लागला म्हणजे झाडाचे दिवस भरले.

गावात बोंब झाली. चारबर्डीची मार्किंग झाली! आता ट्रक येणार! मग काय, झाड तर जाणारच, निदान फांद्या तरी आपल्या पदरात पाडाव्या म्हणून बायामाणसं, म्हातारेकोतारे, सगळे विळे-कुऱ्हाडी घेऊन वर. मला सुनेनं विचारलं, "आत्याबाई, तुमी नाई जात?" मी म्हटलं, मॅडम तर म्हणाली होती की वाचवायला नंबर घातले. सून म्हणाली, "असं कोठी असते काय?"

जंगलाचा गार्ड धापा टाकत आला. त्याला वेगळीच काळजी, की आपल्याला न विचारता मार्किंग केली कोणी? मॅडम दुपारच्या गाडीनं आली, बर्डीवर चढली आणि एका दगडावर बसून रडली. कोणाला रागावावं हेच तिला समजेना.

शेवटी घासलेट आणि चिंध्या घेऊन रंग पुसायचं ठरलं. रंग लावायची मजुरी रंगाऱ्याला मिळाली होती. पुसायची आम्हा बायांना मिळाली. कंपनीच्या खर्चानं झाडं पहिल्यासारखी झाली, फक्त फांद्या सोडून.

मुंबईला मॅडमच्या साहेबानं विचारलं, नंबर घातल्यावर गावाचा प्रतिसाद कसा होता? मॅडम काय सांगणार? म्हणाली, "सर, ताबडतोब होता."

* * *

मग आले बांबूंचे बाप. ॲल्युमिनियमचे लांब लांब दांडे, टोकाला आकडा, खाली जाळी. झाडावर चढायचं नाही, फांदी तोडायची नाही, खाली उभं राहून पिकलेला चार हलकेच ओढायचा. वस्तू खरंच चांगली होती. गटात प्रत्येकीला एकेक वाटला.

काही दिवसांनी मॅडम पाहायला आली. बर्डीवर एकही दांडा दिसेना. बाया कुऱ्हाडीच घेऊन चाललेल्या. मॅडमनं गावाकडे पाहिलं आणि तिचे डोळे वरच राहिले. गावातल्या टीव्हीच्या अँटेना एकाएकी उंच झाल्या होत्या. आमची तर सगळ्यात उंच, नवऱ्यानं माझा आणि सुनेचा असे दोन दांडे जोडले होते.

मॅडमला बरं वाटावं म्हणून ढेलनबाई म्हणाली, "वापर चालू हाय मॅडम. तुमच्या दुकानाची जाहिरात त्याच्यातूनच दिसून राहिली."

* * *

आमच्याकडे तेव्हा मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर. कोणाचा खासगी फोन असा नव्हताच. पारीवर धुणं धुणाऱ्या बाया असायच्या, त्या सगळ्यांचा मिळून एक फोन.

एकदा मॅडम त्या पारीवरच आमची बैठक घेत होती. शांतपणे सांगत होती की चार पिकू द्या, घाई करू नका, पिकलेल्याला कंपनी जास्त भाव देईल. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आवाज नीट येईना म्हणून तिनं तो मोठा केला. पलीकडे कंपनीचाच खरेदीचा साहेब. तो म्हणाला, चारोळी अजून आली नाही, मार्च एंडच्या आत गोदामात माल पाहिजे, कसाही पाठवा.

मॅडमनं घाईनं फोन बंद केला, पण व्हायचं ते झालं होतं.

ढेलनबाईनं विचारलं, मार्च एंड म्हणजे काय? मॅडम म्हणाली, कंपनीचं वर्ष तेव्हा संपतं.

"संपू दे ना. झाडाचं कोठी संपून राहिलं?"

मॅडम म्हणाली की खरेदीचं खातं वेगळं आहे आणि तिचं खातं वेगळं आहे. ती जंगल वाचवायच्या खात्यात आहे.

"एकाच दुकानात हाय ना दोघं?"

"हो."

"मंग भेटत जा कधीमधी."

* * *

आता ही गोदामाची गोष्ट. ही सांगायला ढेलनबाई असती तर बरं झालं असतं, पण ती स्वतः सांगायची नाही.

कंपनीनं आमच्या गटाचा सत्कार ठेवला. गोंदियाला, त्यांच्या गोदामातच. आम्ही धुतलेली लुगडी नेसून पॅसेंजरनं गेलो. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये सतरंजी टाकलेली, पुढे टेबल, फुलं. तन्वी मॅडम बोलायला उभी राहिली. शहरातल्या दुकानात पाकीट उचललं की तो दाणा कोणत्या गावातून आणि कोणाच्या हातातून आला हे आता सांगता येतं, असं ती म्हणत होती. ट्रेसेबिलिटी, ट्रेसेबिलिटी. हा शब्द तिनं इतक्या वेळा म्हटला की मलाही पाठ झाला.

माझं लक्ष समोर होतं. बाजूच्या अनुसयानं मला कोपरानं ढोसलं. मी वळून पाहिलं. मागच्या थप्पीत एका पोत्याचा कोपरा फाटलेला आणि त्याला हिरव्या लुगड्याचं ठिगळ. काठावर कोयऱ्या.

ते लुगडं सगळ्या गटाला माहीत! माझ्या थोरल्याच्या लग्नात ढेलनबाई ते नेसली होती आणि पंगतीत त्यावर वरण सांडलं म्हणून वाढप्याला तिनं मांडव सोडेपर्यंत बोलून घेतलं होतं. एकेक मान मागे वळली. पोतं आमच्या गटाचं नव्हतं. गटाच्या पोत्यांवर शिक्का असतो. हे होतं रामदयालकडून आलेलं.

रामदयाल आमच्याकडचा कोचिया. कोचिया म्हणजे गावोगाव फिरून माल उचलणारा. कच्चा, पक्का, ओला, सुका, त्याला सगळं चालतं. त्याचा माल गोंदियाच्या एका सेठकडे जातो एवढं आम्हाला माहीत होतं. सेठकडून पुढे कुठे जातो ते त्या दिवशी दिसलं.

मॅडमनं बोलणं थांबवलं. काय पाहताय मावशी, म्हणत ती मागे आली. पोत्याचं तोंड सोडलं. आत बारक्या, सुरकुतलेल्या गुठल्या. कोवळ्या फळाच्या. हातात घेतल्या की कळतं, वजनच नसतं.

"हे कोणाचं आहे?" तिचा आवाज एवढासा झाला.

गटाची अध्यक्ष, सगळ्यांच्या पुढे उभी राहून शपथ घेणारी! मला वाटलं आता ही लाजेनं पोत्यांमागे जाते का काय.

ढेलनबाई उठली. पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, "लुगडं माझं हाय. गोदाम कोनाचं हाय?"

गोदामाचा मॅनेजर म्हणाला, चहा आला आहे.

* * *

सत्काराची ढाल मात्र आधीच हातात पडली होती, ती परत कोणी मागितली नाही. चांगली वजनदार, गुळगुळीत, चकचकीत पॉलिश. वर पितळी पानं.

येताना गाडीत ढेलनबाई खिडकीकडे तोंड करून बसली. दरेकसा जवळ आल्यावर ती आपणहूनच म्हणाली, "मी नाई तोडला तं तू तोडशील. तू नाई तं अनुसया. खाली वजनकाटा टांगून कोनी बसला हाय तोवर शपथ कोन पाळन? बर्डी तं जाऊन राहिली, बाई. डोऱ्यासमोर जाऊन राहिली."

तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

स्टेशनावर उतरलो तर समोर तोच गार्ड. त्याची नजर आधी ढालीवर गेली. हातात घेतली, उलटी केली, वास घेतला.

"अस्सल सागवान हाय हे तं. कोठून आनलं?"

ढेलनबाई म्हणाली, "जंगल वाचवल्याचं बक्षीस हाय."

गार्ड म्हणाला, "तेच इचारून राहिलो. वाचवलेल्यातलंच हाय का?"

ती ढाल अजून आहे. ढेलनबाईच्या ताकाच्या मडक्यावर बरोबर बसते.

* * *

आता शेवटची.

आमच्या गावात पोवारांची घरं आहेत, गोंडांची आहेत, पण बर्डीवरच्या देवाचं सगळं करतो तो गोंडांचा भुमक. भुमक म्हणजे देवाची पूजा बांधणारा. म्हातारा, सगळं गाव त्याला आजा म्हणायचं. रीत अशी की पहिला चार देवाला. आजा तो वाहतो, तेव्हा जंगल मोकळं होतं. त्याच्या आधी कोणी चार तोंडात टाकायचा नाही. टाकलाच, तर त्या घराची टोपली सगळ्यात शेवटी. साऱ्या गावाचा चार घरी आला की मगच त्यानं बर्डी चढायची.

रीत कोणी मोडली नाही हो! देवाच्या आधी कोणी चार खाल्ला नाही. पण खायचा नाही अशी रीत आहे, विकायचा नाही असं कुठे म्हटलंय? लोक पूजेच्या आधी पोती भरून विकायचे आणि बोट चाटायचे नाहीत.

आणि पूजेचंही तसंच. माझ्या लग्नाच्या वेळी ती अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला व्हायची, चार काळाभोर झाल्यावर. मग कोचिये लवकर यायला लागले तशी ती रामनवमीला आली. पुढे पाडव्याला. आणि त्या वर्षी तर होळीची राख उडायच्या आत. देवालाही मार्च एंड लागला!

त्या वर्षी कंपनीचा मोठा साहेब मुंबईहून आला. गोदामाची गोष्ट वरपर्यंत गेली होती. त्यानं मॅडमला शब्द दिला होता की सेठकडचा माल बंद, पण पुढच्या वर्षीपासून. या वर्षीची मागणी आधीच गेली होती म्हणे. म्हणून पूजेच्या दिवशी बर्डीच्या पायथ्याला रामदयाल हजर होता. तेंदूच्या फांदीला काटा टांगलेला, रिकामी पोती पसरलेली. बर्डीवर सगळा चार हिरवा. आणि बायांच्या टोपल्यांत फडक्याखाली कुऱ्हाडी. आजा नारळ फोडेल आणि सगळ्या सुटतील, त्या संध्याकाळपर्यंत बर्डीवर उभं काय राहील ते देव जाणे.

पायथ्याला साहेबाचं भाषण झालं. तसा माणूस वाईट नव्हता, बूट काढून बोलला. म्हणाला की आम्ही तुमच्याकडून शिकायला आलो आहोत. तुमची परंपरा हीच आजपासून आमची पॉलिसी. टाळ्या झाल्या. त्याच्यासोबत कॅमेरावाला होता, तो सगळं टिपून घेत होता.

ढोल वाजायला लागले. पुढे आजा, मागे साहेब, मॅडम, त्यांच्या मागे गाव. साहेबाला चढायची सवय नाही, अर्ध्या वाटेवर त्याचं तोंड सुकलं. ढेलनबाई त्याच्या बाजूनंच चालत होती. सकाळपासून ती कोणाशी बोलली नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली. आत थोडेसे चार. काळे, पिकलेले. नाल्याच्या काठावर एक झाड आहे, ते सगळ्यांच्या आधी पिकतं.

"घ्या साहेब. घसा ओला होईन. गोड हाय."

साहेबानं एक उचलला. कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तोंडात टाकला. "वा," म्हणाला.

ढोल थांबला. मागचं गाव थांबलं. माझा तर एक पाय वरच राहिला.

आजा वळला. त्यानं साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं, मग साहेबाच्या हातातल्या गुठलीकडे. रागावला नाही. रीत काय ते सावकाश सांगितलं. साहेब बिचारा ओशाळला. मला माहीत नव्हतं, म्हणाला. जो दंड असेल तो देतो, कोंबडा असेल, नारळ असेल.

"कोंबडा आमचा आमी आनलो हाय," आजा म्हणाला. "तुमचा नंबर शेवटी. साऱ्या गावाचा चार घरी आला का मंग."

साहेबाला हायसं वाटलं. तो हसला. "चालेल ना, बाबा. पण माझ्याकडे टोपली कुठे आहे?"

आजानं खाली पायथ्याकडे बोट केलं.

"तुमचा काटा हाय ना."

साहेबाचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालूच होता.

"सर," ती म्हणाली, "आत्ताच आपण पॉलिसी म्हणालात."

एकीनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, आतली कुऱ्हाड दगडावर वाजली. साहेबानं त्या गुठलीकडे पाहिलं. मग त्यानं मान हलवली आणि खाली काट्यापाशी उभ्या असलेल्या गोदामाच्या मॅनेजरला हातानंच खूण केली, काटा उतरवा. मॅनेजरला कळेना, तो तिकडून हातानं विचारत होता, काय? साहेबानं पुन्हा खूण केली. उतरवा.

ढोल पुन्हा सुरू झाला. मी ढेलनबाईला शोधलं तर ती बाजूला नव्हती. ती भराभर बर्डी उतरत होती. खाली रामदयाल काटा सोडून पोती गुंडाळत होता. सेठ नाही तर दुसरा सेठ, त्याला काय! पलीकडच्या वाटेला त्याची बैलगाडी उभीच होती.

ढेलनबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं ओंजळ पुढे केली.

"घे ना भाऊ. साहेबानंबी खाल्ला."

रामदयाल जन्मानं आमच्याच भागातला, खाल्लं की नंबर शेवटी हे त्याला पाठ. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.